तीन पौंड

पुण्यात, कॅम्पातल्या एका दुकानाच्या दारात तेल पाजलेल्या कातड्याचा वास आला आणि ती थबकली. आत बॅगा होत्या, पट्टे होते. तिला मात्र रेसकोर्सचा पॅडॉक दिसला, पावसाची भुरभुर दिसली, आणि कानावर पेन्सिल अडकवून कठड्याशी उभे राहिलेले वडील.

वडील पैसे क्वचितच लावत. त्यांचा नाद निराळा. घरी आल्यावर रेसबुक उघडून ते जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक घोड्याला त्या दिवशीच्या धावण्याचा आकडा देत. आपल्याकडच्या हँडिकॅपमध्ये रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. 60 रेटिंगच्या घोड्याने 50 च्या घोड्याहून पाच किलो जास्त वाहायचे, म्हणजे कागदावर दोघे बरोबरीने पोचतात. प्रत्यक्षात पोचत नाहीत, आणि वडिलांचे काम तिथूनच सुरू होई. मैलाच्या शर्यतीत एक लेंग्थ (एका घोड्याची लांबी) म्हणजे साधारण दोन पौंड. आखूड शर्यतीत त्याहून जास्त, लांब पल्ल्याच्या शर्यतीत कमी. मोजायला सुरुवात जिंकणाऱ्यापासून कधीच नसे. तिसरा-चौथा आलेला, नेहमी आपल्या कुवतीइतकाच धावणारा एखादा घोडा ते हेरत. ‘त्याला धरून चाल,’ ते तिला सांगत. ‘जिंकलेला घोडा डोळे दिपवतो.’

ही विद्या मूळची इंग्लंडची. 1851 मध्ये यॉर्कला फ्लाइंग डचमन आणि व्होल्टिजर यांची समोरासमोर झुंज ठरली, तेव्हा वजने ठरवली नौदलातल्या हेन्री रूस यांनी. पाच वर्षांच्या डचमनवर चार वर्षांच्या व्होल्टिजरपेक्षा साडेआठ पौंड जास्त. डचमन एका लेंग्थने जिंकला. पुढे फिल बुल या गणिताच्या शिक्षकाने 1948 मध्ये ‘टाइमफॉर्म’ काढले आणि वेगवेगळ्या वर्षांचे घोडे एकाच मापाने मोजण्याची सवय लोकांना लावली. वडिलांना बुलबद्दल फार आदर होता.

आणि डान्सिंग ब्रेव्हबद्दल प्रेम. 1986 ची एप्सम डर्बी हा घोडा अर्ध्या लेंग्थने हरला, शाहरस्तानीकडून. त्याच वर्षी पॅरिसच्या आर्क शर्यतीत शेवटच्या सरळीत तो बाहेरच्या बाजूने एकेकाला मागे टाकत आला आणि बेरिंगला हरवून गेला. अधिकृत रेटिंग मिळाले 141; तिकडे एक गुण म्हणजे एक पौंड. वडिलांच्या वहीच्या पहिल्या पानावर हा आकडा होता, दोनदा अधोरेखित.

जानेवारी 2013 मध्ये जागतिक क्रमवारी ठरवणाऱ्यांनी तो 138 केला. जुन्या वर्षांची पातळी चढी होती, असे कारण दिले गेले. त्यामुळे 140 चा फ्रँकेल सर्वांच्या वर गेला. वडील तेव्हा हयात नव्हते. भांडण तिलाच करावे लागले, आणि ते अजून मिटलेले नाही.

फ्रँकेलवर तिचा राग नाही. चौदा शर्यती धावून चौदाही जिंकणाऱ्या घोड्यावर कोण रागावेल? टाइमफॉर्मने तर त्याला 147 दिले. डान्सिंग ब्रेव्हचे तिथले 140 मात्र जसेच्या तसे ठेवले. हेच तिला रास्त वाटते. नव्याला हवे तेवढे उंच जाऊ द्या, जुन्याचे तीन पौंड कशाला काढता? पातळी चुकली म्हणायची, तर एकेका शर्यतीत परत जाऊन तो भरवशाचा तिसरा घोडा शोधायला हवा. धावून झालेल्या शर्यतीचा तेवढा तरी हक्क आहे.

वजन हा नुसता आकडाही नव्हे. जॉकी हलका असला तर उरलेला भार शिशाच्या पट्ट्यांनी भरतात. जिवंत स्वार तोल सांभाळतो, घोड्याच्या पावलाबरोबर हलतो; शिसे नुसते लोंबते, असे वडील म्हणत. म्हणून शर्यत संपली की गर्दी विजेत्याकडे धावे आणि ते तिचा हात धरून उलट्या दिशेला जात, हरलेल्या घोड्यांची खोगिरे उतरत असत तिकडे. सर्वांत जास्त भार घेऊन चौथ्या आलेल्या घोडीला त्यांच्या वहीत कित्येकदा विजेत्याहून मोठा आकडा मिळे. ती घोडी जवळून बघायची असे त्यांना. बरगड्या कशा हलतात, कान कुठे आहेत, चारा मागते का.

हल्ली ती पुण्याच्या मोसमात पुन्हा जाऊ लागली आहे. निकाल लागला की आधी चौथ्या घोड्याचे वजन वाचते.