भीड आणि बर्फ

आमच्याकडे चांगल्या घरात वाढणाऱ्या मुलाला जी पहिली विद्या शिकवितात, ती गप्प बसण्याची. वडील माणसे बोलत असता मध्ये तोंड घालू नये, ज्याचे काम त्याने करावे, जाणत्याला शिकवू नये. या विद्येत मी लहानपणीच पारंगत झालो आणि पुढे साठ वर्षे तिच्या आधारावर माझा संसार सुरळीत चालला. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण मला ठाऊक नव्हती असे नाही; परंतु म्हण ठाऊक असणे निराळे आणि तिचा अर्थ अंगावर काटा आणून कळणे निराळे. तो कळण्यासाठी मला जानेवारीतल्या एका संध्याकाळी टोरंटोच्या विमानतळावर खिडकीजवळ बसावे लागले.

मुलीकडचा मुक्काम आटोपून मी परत निघालो होतो. बाहेर हिम पडत होते. विमानाची दारे लागली, आम्ही पट्टे आवळले. पण विमान धावपट्टीकडे न जाता एका मोकळ्या मैदानावर जाऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंनी लांब हातांच्या गाड्या आल्या आणि पंखांवर नारिंगी रंगाच्या कढत द्रवाचे फवारे सोडू लागल्या. वाफेचे लोट उठले. मग दुसरा हिरवा, दाट द्रव पंखांवर माखण्यात आला. मला नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाची आठवण झाली. क्रम मात्र उलटा : आधी ऊन पाणी, मग तेल !

एरवी या दिरंगाईने मी घड्याळाकडे पाहून चडफडलो असतो. पण आदल्याच रात्री जावईबापूंनी मला यामागचे शास्त्र समजावून दिले होते. पंखाच्या विशिष्ट घडणीवरून वारा गुळगुळीत वाहतो, म्हणून विमान उचलले जाते. त्या पृष्ठभागावर सुताराच्या पॉलिशपेपराइतका खरखरीत बर्फाचा थर जमला, तरी पंखाची उचलण्याची शक्ती शेकडा 30 पर्यंत घटू शकते आणि वाऱ्याचा अडथळा शेकडा 40 पर्यंत वाढू शकतो. नारिंगी द्रव म्हणजे तापविलेले ग्लायकॉल आणि पाणी. तो जमलेला बर्फ उतरवितो. हिरवा द्रव पंखावर टिकून नव्याने पडणारे हिम पोटात घेतो. पण ठराविक वेळच. हिम जितके जोराचे, तितकी ही मुदत तोकडी.

आणि मग त्यांनी मला ड्रायडेनची हकीगत सांगितली. ऑन्टॅरिओ प्रांतातील या लहानशा गावी 10 मार्च 1989 रोजी एअर ऑन्टॅरिओचे एक विमान उतरले. त्यात 69 माणसे होती. विमानातील एक साहाय्यक यंत्र बिघडलेले होते आणि बंद केलेली इंजिने पुन्हा सुरू करण्याची सोय त्या विमानतळावर नव्हती. म्हणून एक इंजिन चालूच ठेवणे भाग पडले, आणि इंजिन चालू असता बर्फ उतरविण्यास मनाई होती. हिम पडत राहिले. एका छोट्या विमानाला उतरू देण्यासाठी आणखी थांबावे लागले. शेवटी विमान निघाले. उचलले न उचलले तोच धावपट्टीच्या पलीकडील झाडीत कोसळले. 24 माणसे गेली.

परंतु माझ्या मनात रुतली ती गोष्ट निराळीच. पंखांवरचे हिम विमानातील माणसांना दिसत होते. हवाईसुंदरीने ते पाहिले होते. पण असल्या सूचना वैमानिकांना रुचत नाहीत, असा तिचा पूर्वीचा अनुभव होता. प्रवाशांत कामावर नसलेले दोन वैमानिक होते. त्यांनाही ते दिसले. पण चालकांना ते ठाऊक असेलच, असे त्यांनी धरून चालले. न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांनी या अपघाताची चौकशी केली. 1992 च्या त्यांच्या अंतिम अहवालात एकट्या वैमानिकावर ठपका ठेवून विषय मिटविलेला नाही. सगळ्या व्यवस्थेचेच दोष दाखविलेले आहेत आणि त्यांत हे मौनही आहे.

हे सारे आठवत असता मी पंखाकडे पाहिले. आमच्यापुढे विमानांची रांग होती, हिमाचा जोर वाढला होता, आणि हिरव्या लेपावर पांढुरके काही दिसू लागले होते. मनात आले, बोलावे का ? लगेच जुनी विद्या जागी झाली. मी कोण ? एक पेन्शनर कारकून. त्यांना ठाऊकच असेल !

‘ठाऊकच असेल’ या शब्दांपाशी मात्र मी थबकलो. हेच शब्द मी पूर्वी एकदा मनाशी म्हटले होते. माझ्या एका स्नेह्याला जिना चढताना धाप लागते, मध्येच तो छाती धरून उभा राहतो, हे मी वर्षभर पाहत होतो. त्याचा मुलगा स्वतः डॉक्टर, नागपुरास असे. त्याला मी काय सांगावयाचे ? त्याला ठाऊकच असेल. तेराव्याच्या दिवशी त्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, “काका, तुम्हांला कधी काही दिसले होते का हो ?” मी खाली पाहिले. त्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही.

मी डोक्यावरची कळ दाबली. हवाईसुंदरी आली. तीनदा क्षमा मागून मी तिला पंख दाखविला. ती काही न बोलता पुढे गेली, आणि थोड्या वेळाने एक तरुण वैमानिक स्वतः आला. माझ्या अंगावरून ओणवून, हातातील दिव्याच्या झोतात त्याने पंख नीट न्याहाळला. आजूबाजूचे लोक माझ्याकडे पाहू लागले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. “द्रव अजून काम करतो आहे,” तो म्हणाला, “मुदतही संपलेली नाही. पण पुन्हा काही वेगळे दिसले, तर पुन्हा बोलवा. तुम्ही सांगितलेत, आभारी आहे.”

म्हणजे माझी शंका फुकटच गेली होती. तरीही त्या रात्रीइतके हलके मला फार दिवसांत वाटले नव्हते. विमान धावू लागले. वाऱ्याच्या झोताबरोबर हिरवा लेप ओघळत, फाटत मागे निघून गेला आणि खालचा पंख स्वच्छ, लखलखीत दिसू लागला.

घरी पोचल्यावर मी पहिले पत्र नागपुरास लिहिले.