ब्लूमे, फ्लॉवर आणि डोमकळी

आमच्या हॉस्टेलमध्ये सध्या जर्मन शिकण्याची साथ आली आहे. एमएसला तिकडे जायचं तर भाषा हवीच! परवा शब्द आला ‘ब्लूमे’, म्हणजे फूल. शेजारपाजारच्या भाषा पाहिल्या, तर डचमध्ये ब्लूम, स्वीडिशमध्ये ब्लुम्मा, डॅनिशमध्ये ब्लॉम्स्ट. सगळी एकाच घरची भावंडं. इंग्रजीही त्याच घरची, पण १०६६ नंतर नॉर्मन राजे आले, फ्रेंच आली आणि ‘फ्लॉवर’ घरात शिरलं. घरचं ‘ब्लॉसम’ झाडावरच्या बहरापुरतं उरलं.

गंमत पुढेच आहे. फ्लॉवर आणि ब्लूम मुळात एकच! आदिभाषेतला ‘भ’ लॅटिनमध्ये ‘फ’ झाला, जर्मनच्या घरात ‘ब’, आणि संस्कृतात ‘भ’च राहिला. म्हणून भ्रातृ, फ्रातेर, ब्रदर. मग आपलं ‘फूल’ही फ्लॉवरचं भाऊबंद का? नाही. सारखा दिसणारा ‘फ’ इथे फसवतो. आपलं फूल संस्कृत ‘फुल्ल’वरून आलं, म्हणजे उमललेलं.

हे सगळं मी फोनवर बाबांना ऐकवलं. दर्यापूरकडचं आमचं वावर खारपाणपट्ट्यातलं, कोरडवाहू. बाबा शांतपणे म्हणाले, “थे सारं बराबर हाय बापू, पन तुह्या जर्मनमंदी डोमकळीले काय म्हन्तेत?”

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. पराटीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग गळतं आणि मागे बोंड राहतं. पण गुलाबी बोंडअळी आत शिरली, की ती पाकळ्या धाग्यांनी आतून शिवून टाकते. फूल उमलतच नाही. ती डोमकळी. इंग्रजीत तिला ‘रोझेट फ्लॉवर’ म्हणतात, गुलाबासारखी दिसते म्हणून! नाव ठेवणाऱ्यानं पीककर्ज काढलं नसावं. २०१७ मध्ये या अळीनं बीटीलाही न जुमानता विदर्भातली कपाशी पोखरली, तेव्हा मी सातवीत होतो. त्या वर्षी घरात दिवाळीचे कपडे आले नाहीत.

जर्मन शब्द मला अजून सापडला नाही. बाबा रोज सकाळी तासातासानं फिरून डोमकळ्या तोडतात, अळीसकट नष्ट करतात. शंभर फुलांत दहा निघाल्या की फवारणी करावीच लागते, आणि औषध उधारीवर आणायचं.

काल त्यांनी मोजल्या. सात निघाल्या.