गोळी

१९७४ साल. लावणी उरकली नि माझ्या धाकट्या भावाला थंडीताप भरला. बोटाचं रक्त तपासलं, हिवताप निघाला, गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळी, डोळे पिवळे. गोखिवऱ्यात सगळे म्हणाले, कावीळ. पाचव्या दिवशी तो गेला. आई म्हणत राहिली, "मीच त्याला गोली भरवली."

तीस वर्षांनी भाच्याचं तस्संच झालं. या खेपेला डॉक्टरांनी गोळी थांबवली, रक्त चढवलं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा कळलं, जी-सिक्स-पीडी कमी. तांबड्या पेशींना जपणारं हे एन्झाइम. ते कमी असलं की हिवतापाच्या प्रायमाक्विननं, कपाटातल्या डांबरगोळ्यांनीसुद्धा पेशी फुटतात. बहुतेक मुलग्यांना भोवतं, येतं आईकडून.

आईनं ऐकलं नि विचारलं, "म्हंजे माज्याकडूनच गेलं ना त्याला?"

मी म्हटलं, "आई, तुलापण ते कुणाकडून तरी आलंच ना. मग दोष कुणाला द्यायचा?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोरीला सांग."

आता भाचीला दिवस गेलेत. डॉक्टरांना आम्ही आधीच सांगून ठेवलंय.