घर सोडणारे टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र कुठूनही वाचायला घ्या, थोड्याच पानांत गृहस्थ कुठून तरी निघालेले असतात. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेला हा मुलगा आई गेल्यावर घरातून बाहेर पडला. वडील कमालीचे कडक, त्यांच्याशी पटणे शक्य नव्हते. नाशिकला पोहोचून त्याने गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकून घेतले. पुढे लग्न झाले. बायको जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अकरा-बारा. सासरी तिची लक्ष्मी झाली. मग कीर्तने, पुराणे, मास्तरकी, नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम, त्यानंतर राजनांदगाव. प्रत्येक ठिकाणी मोठ्या उमेदीने गेले आणि बहुतेक ठिकाणांहून तडकाफडकी निघाले. कधी भांडून, कधी कंटाळून, कधी नुसतेच मनात आले म्हणून. मागे राहिलेल्या बायकोने नवरा आज कुठे असेल याचा अंदाज करत बसावे.

रागाचेही तसेच. भडका उडायला वेळ लागत नसे आणि विझायलाही. विझल्यावर स्वतःच कळवळायचे. पैसा हातात टिकत नसे. घरात उद्याची चूल कशी पेटणार याचा पत्ता नसताना दारी आलेल्याला हातचे देऊन मोकळे. याला औदार्य म्हणावे की बेजबाबदारपणा, हे आपण टिळकांकडून बघतो आहोत की स्वयंपाकघरातून, यावर ठरते.

आणि हाच माणूस मराठी ख्रिस्ती मंडळीचा आवाज झाला. नगर, सातारा, सोलापूर, पुणे, मुंबई इथल्या मराठी प्रॉटेस्टंट देवळांत रविवारी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले जाते तेव्हा त्यातली कितीतरी पदे टिळकांची असतात. लग्नात तीच, मयतीला तीच. त्यांच्या आधी मराठीत ख्रिस्ती गीते होती, पण त्यातली पुष्कळशी विलायती चालींत कशीबशी बसवलेली. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणून उभे केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ज्या माणसाला स्वतःच्या संसारात धड चार महिने स्वस्थ बसवत नव्हते, त्याच्या शब्दांवर शंभर वर्षे लोक प्रार्थनेला बसतात. आता याचे काय करायचे?

ख्रिस्ती श्रद्धेला हा प्रश्न नवा नाही. किंबहुना तिच्या नव्या कराराची सुरुवातच त्याने होते. मत्तयाने शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ दिली आहे. कोणीही आपल्या कुळाचा गौरव करताना नको ती नावे गाळेल. मत्तयाने मात्र सासऱ्याला फसवून वंश चालवणारी तामार घेतली, वेश्या राहाब घेतली, परक्या मवाबातली रूथ घेतली. दाविदाच्या राणीचे नाव तर त्याने घेतलेच नाही, ‘उरियाची बायको’ असे लिहून ठेवले. म्हणजे राजाने सेनेतल्या माणसाची बायको पळवली आणि त्याला लढाईत मारवले, हे कोणी विसरू नये. याकोबाने आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद मिळवला. मोशेच्या हातून एका मिसरी माणसाचा खून झाला होता. स्तेफनाला दगडांनी ठेचत होते तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रे राखत पौल शेजारी उभा होता.

पेत्राची गोष्ट या सगळ्यांत अधिक बोलकी आहे. गुरूला धरून नेले त्या रात्री कोंबडा आरवण्याआधी त्याने तीनदा गुरूची ओळख नाकारली. पुढे तोच मंडळीचा पुढारी झाला. लक्ष वेधून घेते ते वेगळेच. मंडळीची जुनी परंपरा सांगते की मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्या आठवणींवरून लिहिले. ती परंपरा धरली तर आपल्या भित्रेपणाचा तपशील पेत्रानेच पुरवला असणार. आणि ज्या मंडळीचा तो पुढारी, तिने तो पुसला नाही. चारही शुभवर्तमानांत तो आहे.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत अशा माणसांच्या प्रश्नावरूनच मंडळी दुभंगली. ३०३ साली सुरू झालेल्या छळात काही बिशपांनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ रोमी अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. अशा माणसांच्या हातून मिळालेला संस्कार खरा मानायचा कसा, असे दोनातुसच्या अनुयायांचे म्हणणे. पुढे हिप्पोच्या ऑगस्टिनने उत्तर दिले की बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच; पाळकाचे पाप पाळकापाशी. ऑगस्टिन स्वतः तारुण्यात कसा वागला होता हे त्यानेच लिहून ठेवले असल्यामुळे या उत्तराला अनुभवाचाही आधार होता.

उत्तर खरे, पण निसरडे. देव अपूर्ण माणसांकडून काम करून घेतो, या वाक्याआड लपणारे प्रत्येक पिढीत निघाले आणि त्यांना लपवणारी मंडळीही निघाली. इंग्लंडचा जॉन न्यूटन १७४८ मध्ये वादळात सापडला असता देवाकडे वळला. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायले जाणारे गीत त्याचेच. परंतु त्या वादळानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांची जहाजे हाकत होता आणि त्या धंद्याविरुद्ध त्याने पुस्तिका काढली ती १७८८ मध्ये. मधल्या वर्षांत त्याच्या जहाजांच्या तळाशी साखळ्यांत जे पडून होते, त्यांचे नाव त्या गीताच्या इतिहासात फारसे कोणी घेत नाही. अपूर्ण माणसाच्या हातून देवाचे काम झाले असे म्हणताना त्या अपूर्णतेची किंमत कोणी भरली, हे विचारायचे राहून जाते. टिळकांच्या बाबतीत ते राहिले नाही, कारण किंमत भरणारीने पुढे लेखणी हातात घेतली.

१८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी टिळकांना भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक तेव्हा स्वतःच एक नवा धर्म काढण्याच्या विचारात होते. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले आणि मग सुटले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुन्हा एकदा घर सोडले होते, या खेपेला जात, नाती, पंगत सगळ्यासकट.

लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. मुलगा दत्तू चार वर्षांचाही नव्हता. जिच्या वडिलांना सोवळ्याचे एवढे वेड की धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, त्या घरातल्या मुलीचा नवरा बाटला होता. तिला विधवा म्हणता येईना आणि सवाष्णही म्हणता येईना. पुढची काही वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने, पंढरपुरासारख्या ठिकाणी काढली. दुःखाच्या त्या दिवसांत त्यांना कविता सुचू लागल्या. शाळेची पायरी न चढलेल्या, जोडाक्षरे शेवटपर्यंत धड न जमलेल्या बाईला.

हळूहळू त्या नगरला नवऱ्याकडे परतल्या, त्याही आपल्या अटींवर. धर्म आपला, स्वयंपाक आपला, पाणी आपले. टिळकांना हे सोसवले, एवढे तरी त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. रागीट माणसाने या एका बाबतीत बायकोवर जबरदस्ती केली नाही. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच सोडवला आणि दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यापासून सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमाराच्या दुष्काळात टिळक अनाथ पोरे घरी आणू लागले. आणणे टिळकांचे; न्हाऊमाखू घालणे, उवा काढणे, भाकऱ्या भाजणे लक्ष्मीबाईंचे. बालकवी ठोमरेही याच घरात राहून गेले. टिळकांच्या मनाची लहर आणि लक्ष्मीबाईंचे कष्ट यांतून एक घर उभे राहिले, आणि ज्याला आपण देवाचे काम म्हणतो ते त्या घरात घडले. त्यातले किती कोणाच्या नावे मांडायचे हे सोपे नाही, पण सगळे टिळकांच्या नावे मांडणे हा शुद्ध अन्याय होईल.

लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत बाहेर आले. त्यात टिळकांचा राग आहे, विसराळूपणा आहे, उधळेपणा आहे, न सांगता निघून जाणे आहे. आणि हे सगळे सांगताना लेखिका हसते आहे. नुसती कडवट असती तर ते फिर्यादीचे कागद झाले असते. नुसती भाविक असती तर पोथी झाली असती. मराठीत पोथ्यांना तोटा नाही. महिपतीने १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला, त्यात संतांच्या मदतीला देव वेळोवेळी धावून येतो आणि संतांच्या बायका बहुधा कजाग निघतात. तुकोबांच्या आवलीची बाजू आवलीच्या शब्दांत आपल्याला मिळालेलीच नाही. गंमत अशी की महिपतीला इंग्रजीत नेणारे जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचेच पाद्री. आणि त्याच मिशनच्या गोटातल्या एका घरात एका संताच्या बायकोने आपली बाजू स्वतः लिहून काढली.

टिळकांचा स्वभाव ख्रिस्ती झाल्याने पालटला का? थोडा निवळला, मुळातून गेला नाही. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवत, नंतर ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळत. मिशनमध्ये बावीस वर्षांहून अधिक काळ टिकले, ही त्यांच्या हिशेबाने नवलाचीच गोष्ट. पण १९१७ च्या सप्टेंबरात तिथूनही उठले. पगार सोडला, संन्यास जाहीर केला, साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, परदेशी पैशाचा आणि परदेशी अंमलाचा त्यात संबंध नसावा, अशी कल्पना. हिंदी मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे हे त्या काळी पुष्कळजण बोलत होते. बोलून झाल्यावर पुढच्या महिन्याच्या पगारावर पाणी सोडायला मात्र टिळकांसारखाच माणूस लागला.

इथे त्यांचा जुना दोष आणि त्यांची मोठी कृती यांचा सांधा दिसतो. वडिलांच्या घरातून पळालेला मुलगा आणि मिशनमधून बाहेर पडलेला पंचावन्न वर्षांचा पाळक यांच्या स्वभावाचे मूळ एकच. स्थिरस्थावर, धोरणी, घरखर्चाची वही नीट ठेवणारे टिळक कदाचित नाशिकला शास्त्रीबुवा म्हणून सुखाने जगले असते. ‘वनवासी फूल’ हे काव्य त्यांनी लिहिले असते की नाही कोण जाणे. कीर्तनातला ख्रिस्त मात्र नक्की राहून गेला असता. देवाने त्यांचा दोष काढून टाकून काम करून घेतले, असे श्रद्धावंतालाही म्हणता येणार नाही. दोष राहिला, त्याचे तडाखे घरच्यांना बसत राहिले, आणि त्याच स्वभावाच्या बळावर कामही झाले. दरबारापायी पगार बंद झाला तेव्हा संसार कसा चालायचा हा प्रश्न संन्याशाला पडत नसतो. तो लक्ष्मीबाईंना पडला.

दरबार फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. येशूचे चरित्र ओवीबद्ध सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले होते. जेमतेम दहा अध्याय पुरे झाले होते. ते सुटल्यावर उचलले लक्ष्मीबाईंनी, आणि चौसष्ट अध्याय लिहून तडीस नेले. नवऱ्याने अर्ध्यात टाकलेले पुरे करायची सवय होतीच. हे शेवटचे टाकणे मात्र टिळकांच्या हातचे नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘स्मृतिचित्रां’चा शेवटचा भाग तेव्हा छापायचा होता, तो दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पुढे नेला.

जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये इंग्रजीत टिळकांचे चरित्र लिहिले. मोठ्या प्रेमाने लिहिलेले चांगले पुस्तक आहे. त्यातले टिळक आदरणीय आहेत. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातले टिळक खरे आहेत, आणि त्या टिळकांच्या पदांवर विश्वास अधिक बसतो. कारण पापाची, पश्चात्तापाची भाषा ते उसनी आणत नव्हते हे तिथे पानोपानी दिसते.

‘स्मृतिचित्रां’ची ओळख बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातल्या एखाद्या धड्यातून झालेली असते, आणि धडा गमतीचा असल्यामुळे सगळे पुस्तकच गमतीचे असा समज होऊन बसतो. संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या आहेत, त्या घेऊ नका. चारही भाग एकत्र असलेली पूर्ण आवृत्ती मिळते. ती आणा आणि पहिल्या पानापासून वाचा. आणि वाचून झाल्यावर ‘उपासना संगीता’तली टिळकांची दोन-चार पदे काढून बघा, ख्रिस्ती असा वा नसा.