तोर्देसिल्यास: दुएरोकाठचे गाव

दुएरो नदीच्या उंच काठावरील या स्पॅनिश गावात ७ जून १४९४ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल यांनी महासागर वाटून घेतला. पूर्वेची वाट पोर्तुगालच्या पदरी पडली. १५१० मध्ये गोवाही. ज्यांच्या भूमीचा हा व्यवहार, त्यांना अर्थातच कोणी विचारले नव्हते.

याच गावात राणी हुआना १५०९ पासून १५५५ मधील मृत्यूपर्यंत कोंडलेली राहिली; आधी पित्याच्या, मग पुत्राच्या आज्ञेने. १५२० मध्ये बंडखोरांनी तिच्यापुढे कागद ठेवले. तिने सही केली नाही. वेडी ठरविलेल्या स्त्रीचा हा निग्रह वेडाचा म्हणावा काय? तिचा वाडा आता उरलेला नाही; सांता क्लारा मठाच्या मुदेहार कमानी उभ्या आहेत.

सप्टेंबरच्या जत्रेत बैलाला पुलापलीकडच्या कुरणात नेऊन भाल्यांनी मारीत. २०१६ मध्ये त्यावर बंदी आली, तेव्हा गावातील अनेक जण संतापले.