पाचशे पौंडांची ठेव

फेब्रुवारी १९४८. लंडनच्या एका इस्पितळात डेव्हिड टास्मा हा पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने वारला. परक्या मुलखात गणगोत नसलेला, वेटरचे काम करून पोट भरणारा माणूस. आपण जगून गेलो याची जगात खूणही राहणार नाही, ही त्याची खंत होती. त्याच्या खाटेशी नियमाने येऊन बसत त्या सिसिली साँडर्स. मूळच्या परिचारिका, तेव्हा रुग्णांच्या समाजसेविका. मरणोन्मुख माणसांसाठी वेगळे घर असावे, ते कसे असावे, यावर दोघांचे बोलणे होई. जाताना त्याने बाईंच्या नावे ५०० पौंड ठेवले आणि त्या होणाऱ्या घराची आपण एक खिडकी होऊ, असे सांगितले.

घर उभे राहायला १९ वर्षे लागली. ठेवीदार हयात नाही, वारस विचारायला येणार नाही, तरीही ठेव फेडायचीच, हा बाण्याचा भाग झाला. मरणाऱ्याला सोडून जातात ते डॉक्टरच, तेव्हा आधी वैद्यक शिका, असे एका शल्यविशारदाने बाईंना सुनावले. तेहेतिसाव्या वर्षी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर.

पुढल्याच वर्षी पूर्व लंडनमधील सेंट जोसेफ या जोगिणींनी चालवलेल्या शुश्रूषागृहात त्या रुजू झाल्या. त्या काळी रुग्ण कळवळून मागेल तेव्हाच मॉर्फिन द्यायचे, तेही हात आखडून, अशी सर्वत्र रीत होती. व्यसन लागेल ही भीती. साँडर्सबाईंनी घड्याळ लावून, दर चार तासांनी, वेदना डोके वर काढण्याआधीच औषध तोंडाने देण्याची शिस्त बसवली. ही रीत त्यांनी पूर्वी दुसऱ्या एका शुश्रूषागृहात स्वयंसेविका असताना पाहिली होती. त्यांची स्वतःची भर म्हणजे नोंदी. औषधाची मात्रा, वेदनेचा उतार-चढाव, रुग्णाचे स्वतःचे शब्द, असे सुमारे ११०० रुग्णांचे टिपण त्यांनी जमवले. पेढीवर रोजकीर्द लिहावी तसे. त्या रोजकिर्दीने दाखवून दिले की वेळेवर औषध मिळालेला माणूस गुंगीत पडत नाही आणि मात्रा वाढवून मागत सुटत नाही. वेदना एकट्या शरीराची नसते, मागे राहणाऱ्यांची काळजी, भय, मनातील सल हेही त्या दुखण्यातच मोडते, हा त्यांचा विचारही अशा ऐकण्यातून आला.

१९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे घर उघडले. टास्माची खिडकी तिथे आहे. दोन वर्षांत तेथील माणसे रुग्णांच्या घरीही जाऊ लागली. तिथेच डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी तोंडाने दिलेले मॉर्फिन आणि हेरॉइन यांची काटेकोर तुलना केली. हेरॉइनच सरस, असा तिकडे समज होता. दोहोंत लक्षात येण्याजोगा फरक निघाला नाही. हेरॉइन न मिळणाऱ्या देशांसाठी ही मोठीच गोष्ट होती.

आपल्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि अफूपासून मॉर्फिन होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे असे जंगल उभे केले की इस्पितळांनी ते ठेवणेच सोडले. ज्यांना त्याची गरज, त्यांनाच ते मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट बरीच मोकळी केली. त्यामागे ज्यांचा पाठपुरावा होता त्यांत डॉ. एम. आर. राजगोपाल अग्रणी. त्यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये कालिकतला वेदनाशमनाचे काम सुरू केले आणि केरळात गावोगावचे शिक्षक, दुकानदार, गृहिणी त्यात आले. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे घर १९८६ पासून आहे.

या माणसांची काम करण्याची एक पद्धत व्यापारी कुटुंबांनी आवर्जून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपासून आजार लपवतात. ‘त्यांना काही सांगू नका,’ असे दारातच बजावले जाते, आणि त्याच आठवड्यात उशाशी भागीदारीचे कागद, बँकेचे अर्ज सहीसाठी येतात. सही करणाऱ्याला हे कळत नाही, असे मानणे भाबडेपणाचे. शुश्रूषेला आलेला जाणता माणूस सत्य अंगावर फेकत नाही आणि खोटेही बोलत नाही. तो खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, ‘काका, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटते? किती जाणून घ्यायचे आहे?’

बहुतेक वेळा काकांना सारे आधीच ठाऊक असते. मुलांना त्रास नको म्हणून ते गप्प असतात. मग हळूहळू एकेक निघते: कुणाचे हातउसने घेतलेले वहीत लिहायचे राहिले आहे, धाकट्या भावाशी अबोला आहे, त्याला एकदा बोलवा.