आत्याचा आवाज आणि तापकीर गल्ली

पुण्याला आलेला पाहुणा शनिवारवाडा पाहतो, गंज पेठेत जाऊन फुलेवाड्याला वंदन करतो, सारसबागेत भेळ खातो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. आमची सारी हयात दापोडीत गेली, पण आम्हीही याहून निराळे पुणे कधी पाहिले नव्हते. गेल्या महिन्यात मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका कार्डासाठी आम्हाला हे शहर एका दिवसात पालथे घालावे लागले. त्या दिवसाची ही हकीकत.

आमच्या आत्या गेल्या वर्षी कालकथित झाल्या. त्याआधी दोन महिने त्यांना घरी बसवून आम्ही त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या होत्या. वस्तीतला एक मुलगा लग्नाचे चित्रण करतो. त्याने आपला चांगला कॅमेरा आणला, मोठ्या प्रेमाने त्रेपन्न मिनिटांचे चित्रण केले, कार्ड आमच्या हाती दिले आणि नोकरीसाठी तो परगावी गेला. घरात दुःख होते, धावपळ होती. कार्ड कपाटात पडून राहिले. आता प्रथम स्मृतिदिन जवळ आला. "आत्याआजीची फिल्म मी टॅबवर नीट कापून, जोडून देते," असे धाकटी म्हणाली. तिच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेला टॅब घरात होताच.

कार्ड टॅबला जोडले, तर पडद्यावर सूचना आली, की हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचे का? पोरीचे बोट तिथवर गेलेही होते. सौ. ओरडल्या म्हणून थांबली. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे! शेजाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवरून फाइल कशीबशी टॅबमध्ये घेतली, तर पडदा काळा. आवाज नाही, चित्र नाही. आत्या आत होत्या, पण दार उघडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे दापोडीला मेट्रोत बसलो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही गाडी थेट स्वारगेटपर्यंत जाते. शिवाजीनगरच्या आधीच ती जमिनीखाली शिरते आणि पेठांच्या पोटातून धावते. आमच्या लहानपणी याच वाटेला बसमध्ये लोंबकळत तास जायचा. मंडईला उतरून वर आलो, भाजीचा वास घेत बुधवार पेठेकडे चालू लागलो आणि विचारत विचारत तापकीर गल्ली गाठली.

तापकीर गल्ली म्हणजे पुण्याचे विजेच्या सामानाचे कोठार. वायरी, बल्ब, स्पीकर, रिमोट, चार्जर. जे दुसरीकडे मिळत नाही ते इथे टांगलेले दिसते. अरुंद रस्ता, त्यात हातगाड्या, त्यात दुचाक्या. पहिल्या दुकानात "टॅब जुना झाला, नवा घ्या" असा सल्ला मिळाला. दुसऱ्या दुकानदाराने कार्डच खराब ठरवले. तिसरे दुकान जिन्याखालचे, दोन माणसे कशीबशी मावतील एवढे. तिथला तरुण कारागीर काही बोलला नाही. त्याने आधी कार्डाच्या कडेचा लहानसा खटका खाली सरकवला. "काका, आता यावरचे काही पुसले जाणार नाही. हे आधी करायचे," तो म्हणाला. आमचा जीव तिथेच निम्मा भांड्यात पडला.

मग त्याने आम्हाला जे समजावले ते वाचकांनाही उपयोगी पडेल.

"काकू, फाइलच्या नावापुढे एमपी-फोर लिहिलेले असते ना, तो नुसता डबा. डब्यात भाकरी आहे की पुरणपोळी, हे झाकणावरून कळत नाही." चित्रण कॅमेऱ्यात जसेच्या तसे ठेवले तर कार्ड काही मिनिटांतच भरेल. म्हणून कॅमेरा ते दाबून, घडी घालून ठेवतो. घडी घालण्याच्या या रीतीला कोडेक म्हणतात. एच-२६४ ही रीत २००३ साली आली आणि आज ती जवळजवळ प्रत्येक यंत्राला उलगडता येते. एच-२६५ ही २०१३ ची. ती कमी जागेत तितकेच चांगले चित्र ठेवते, पण उलगडायला यंत्राची ताकद जास्त लागते. त्यातही आमच्या मित्राच्या कॅमेऱ्याने रंगांची जादा माहिती टिपली होती. ज्याला दहा बिट, चार-दोन-दोन म्हणतात, तो हा प्रकार. मोठा कारखाना असलेल्यांना तो हवा असतो, कारण नंतर रंग सुधारता येतात. साध्या टॅबच्या चिपमध्ये तो उलगडण्याची सोयच नसते. आवाजही न दाबता, कच्चाच साठवला होता. तो त्या टॅबला समजला नाही.

म्हणजे कॅमेरा वाईट नव्हता आणि टॅबही वाईट नव्हता. दोघांची भाषा वेगळी होती, मधे दुभाषा हवा होता.

कारागिराने तो दुभाषा संगणकावर उघडला. हँडब्रेक नावाची ही प्रणाली फुकट मिळते. मूळ फाइल सुमारे चाळीस जीबीची निघाली. तिच्यावरून एच-२६४ ची साधी, आठ बिटांची, १०८० रेषांची प्रत करायची, आवाज एएसी पद्धतीचा करायचा आणि सेकंदाला पंचवीस चित्रे तशीच ठेवायची, असे त्याने ठरवले. "अडीच-तीन तास लागतील. काका, फिरून या."

आता तीन तास जायचे कुठे? धाकटी म्हणाली, लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्मचे सरकारी संग्रहालय आहे, ते तरी पाहू. पुन्हा मेट्रो धरली, जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलली, नळस्टॉपला उतरलो आणि पायी निघालो.

रस्त्यावर आधी फिल्म इन्स्टिट्यूट लागते. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली, तिचाच हा स्टुडिओ. इथे १९३६ चा 'संत तुकाराम' झाला. १९६० मध्ये इथे ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. पुढे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. ते १९६४ मध्ये स्थापन झाले. आवारातला जुना बंगला बॅरिस्टर जयकरांचा. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ज्यांचे नाव आपण वाचतो, तेच हे जयकर.

त्या झाडांच्या सावलीत उभे राहिल्यावर आमच्या कार्डाची गोष्ट एकदम मोठी वाटू लागली. कारण या संस्थेचे सारे आयुष्य हेच काम करण्यात गेले आहे. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली. फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे आज आहेत, मधली नाहीत. जुनी फिल्म नायट्रेटची, ती भडकन पेटते. २००३ च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून अशी कितीतरी रिळे गेली. नंतरची ॲसिटेटची फिल्म पेटत नाही, पण सडते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. जे वाचले ते एकेक चित्र करून संगणकावर उतरवायचे काम आता चालते. एका सेकंदात चोवीस चित्रे. तासाची किती होतात, हा हिशोब वाचकांनी करावा.

आणि आपल्याला तर हे विसरून चालणारच नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा ती फिल्मवर टिपायला कोणी पुढे येईना. नामदेवराव व्हटकरांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकला आणि कॅमेरा उभा केला. त्या जनसागराचे चित्र आज आपण पाहतो ते त्यांच्यामुळे. पण टिपणे हे निम्मेच काम. ती रिळे कुणी जपली नसती, पुढच्या यंत्रावर चढवली नसती, तर आपल्या नातवंडांना काय दिसले असते? काळा पडदा.

चार वाजता पुन्हा तापकीर गल्लीत. कारागिराने आमचाच टॅब समोर ठेवला आणि बोट टेकवले. आत्या दिसल्या. पांढरे लुगडे, नाकावर घसरलेला चष्मा. सौ. तोंडाला पदर लावून दुकानाबाहेर गेल्या. कारागिराने आवाज थोडा कमी केला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याने मागितले ते पैसे आमच्या चार दिवसांच्या भाजीइतकेच होते.

निघताना त्याने सांगितलेल्या चार गोष्टी इथे देतो. कार्डावरची मूळ फाइल कधी पुसू नये. प्रत कितीही चांगली झाली तरी ती प्रतच. मूळ दोन ठिकाणी ठेवावे, एक आपल्या घरी आणि एक नातेवाइकाकडे. घरगुती चित्रण करायचे तर कॅमेरा आधीच एच-२६४ वर आणि सेकंदाला पंचवीस चित्रांवर लावावा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे: आधी एक मिनिटाचे चित्रण करून ते टॅबवर उघडते का पाहावे, मगच म्हाताऱ्या माणसाला समोर बसवावे. ती माणसे पुन्हा बसायला असतीलच असे नाही.

स्मृतिदिनाला वस्तीतली चाळीस-पन्नास माणसे जमली. धाकटीने त्रेपन्न मिनिटांतून अठरा मिनिटे निवडली होती. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या दिवशी सात वर्षांच्या आत्या वडिलांच्या खांद्यावर बसून तिथे गेल्या होत्या. आम्ही लहानपणापासून हे ऐकत आलो. पण चित्रणात त्या असे काही बोलल्या, जे आम्हाला कधीच सांगितले नव्हते. त्या म्हणाल्या, "बाबासाहेब मला दिसले का नाही, खरं सांगायचं तर आठवत नाही बघ. एवढी गर्दी, पण एकदम गप झाली. बापाचा खांदा घामानं भिजलेला, आणि तो रडत होता. बाप रडताना मी तवाच पहिल्यांदा पाहिला."

मागे आमच्याच घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते. धाकटीने ती कापली नाही. आम्हीही कापू नको म्हणालो.